शाश्वत उद्योग प्रमाणपत्रासाठी हवामान कृतीच्या अटी: नाशिकच्या कारखान्यांनी कोणत्या क्रमानं काम करावं

अंबड, सातपूर, सिन्नर, दिंडोरी इथल्या लहान-मध्यम उद्योगांकडे सध्या दोन दिशांनी एकच विचारणा येते. मोठी ग्राहक कंपनी पुरवठादाराकडे उत्सर्जनाचे, म्हणजे हरितगृह वायूंचे, आकडे मागते, कारण सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्यानं पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, द्यावा लागतो. दुसरीकडे युरोपातला खरेदीदार शाश्वततेचं प्रमाणपत्र मागतो. मग बी कॉर्प (सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीचं कंपनी प्रमाणपत्र), आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक) किंवा पुरवठादारांना शाश्वततेचे गुण देणाऱ्या इकोव्हॅडिसचं मानांकन यांपैकी एखाद्यासाठी घाईघाईनं अर्ज होतो, आणि हवामान कृतीच्या भागाशी येऊन गाडी अडते.

अडण्याचं कारण बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. आधी छतावर सोलर बसतं, मग वृक्षारोपणाचे फोटो निघतात, मग ‘२०३० पर्यंत उत्सर्जन निम्मं’ असं जाहीर होतं, आणि मोजणीला हात सगळ्यात शेवटी लागतो. तपासनीस मात्र मागून पुढे वाचत जातो. लक्ष्य कोणत्या आकड्यावर बेतलं, तो आकडा कोणत्या तक्त्यातून आला, तक्ता कोणत्या बिलावरून भरला आणि ते बिल कोणत्या मीटरचं? या साखळीतली एक कडी जरी सापडली नाही तरी पुढचं सगळं काम लटकतं. म्हणून खालचा क्रम बदलू नका.

## टप्पा १: अट मूळ मजकुरातून वाचा

सल्लागारानं पाठवलेल्या सारांशावर भिस्त ठेवू नका. निकष बदललेले आहेत आणि जुन्या चेकलिस्टा अजून फिरत आहेत.

बी कॉर्प देणाऱ्या बी लॅब या संस्थेनं एप्रिल २०२५ मध्ये नवे निकष आणले. पूर्वी एकूण ८० गुण मिळाले की पात्रता मिळायची, त्यामुळे कामगार कल्याणात चांगले गुण मिळवून हवामानाची बाजू कच्ची ठेवता यायची. आता ती सोय राहिली नाही. हवामान कृती हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यातल्या अटी पूर्ण कराव्याच लागतात. अटी कंपनीच्या आकाराप्रमाणे वाढत जातात: लहान कंपनीकडून प्रामुख्यानं जागतिक तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याशी सुसंगत असा कृती आराखडा अपेक्षित असतो. मोठीकडून उत्सर्जनाची मोजणी आणि विज्ञानाधारित लक्ष्यंही. त्यामुळे आपण कोणत्या आकारगटात बसतो हे सर्वांत आधी ठरवा. कामगार मोजताना कंत्राटी माणसं धरायची की नाही, हे निकषातच पाहा.

आयएसओवाल्यांसाठीही बदल झाला आहे. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनं व्यवस्थापन प्रणालींच्या मानकांमध्ये एक वाक्य आलं: हवामानबदल हा मुद्दा आपल्या संस्थेला लागू आहे का, हे संस्थेनं ठरवावं. हे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ लाही लागू आहे, म्हणजे अंबडमधल्या जवळपास प्रत्येक प्रमाणित वर्कशॉपला. ‘लागू नाही’ इतकंच लिहून सही करणं ही इथली नेहमीची चूक आहे. गोदावरीला २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठे पूर आले, अवकाळी पाऊस आणि गारपीट द्राक्षपट्ट्याला नवी नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं हे कामगाराला विचारा. यातलं आपल्याला काय लागतं, ते चार ओळींत कारणासकट लिहा.

सावध राहा: युरोपचा सीबीएएम, म्हणजे आयात मालावरची कार्बन आकारणी, हा वेगळा विषय आहे. तिथं पोलाद, अॅल्युमिनिअम अशा ठरावीक मालाच्या प्रत्येक टनामागचं उत्सर्जन विचारतात. कंपनीच्या एकूण हिशेबाचा कागद तिथं चालत नाही, आणि तिथला कागद प्रमाणपत्राला पुरत नाही.

## टप्पा २: सीमा आखा

मोजायचं काय, हे मोजण्याआधी कागदावर यायला हवं. लहान उद्योगाला ‘ज्या जागेचं काम आपण चालवतो ती आपली’ हा नियम सोपा पडतो. त्यानुसार सगळ्या जागांची यादी करा: मुख्य प्लांट, भाड्याचा गाळा, गोडाऊन, कॉलेज रोडवरचं ऑफिस, शेतावरचं पॅकहाउस.

गाळा भाड्यानं असेल आणि वीजबिल मालकाच्या नावावर येत असेल, तरी ती वीज तुम्ही वापरता. ती तुमच्या हिशेबात येते. सबमीटर नसेल तर आज बसवा. मागच्या महिन्यांसाठी क्षेत्रफळाच्या प्रमाणात अंदाज धरा आणि ‘हा अंदाज आहे’ असं तक्त्यात स्पष्ट लिहा. अंदाज चालतो. न सांगता घातलेला अंदाज चालत नाही.

नंतर प्रत्येक स्रोताला घर द्या. स्कोप १ मध्ये तुमच्या आवारात किंवा तुमच्या वाहनात जळणारं इंधन आणि गळणारा वायू. स्कोप २ मध्ये विकत घेतलेली वीज. स्कोप ३ मध्ये पुरवठा साखळीतलं बाकी सगळं, ज्याचे जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार १५ प्रकार आहेत. स्वतःचा टेम्पो स्कोप १, भाड्याचा टेम्पो स्कोप ३. प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवलेला माल स्कोप ३.

जॉबवर्क करणाऱ्यांनी एक गोष्ट इथंच मिटवावी. ग्राहकानं दिलेलं मटेरिअल तुमच्या खात्यात धरायचं की नाही? कोणताही निर्णय घ्या, पण कारण लिहा आणि दरवर्षी तोच ठेवा.

पडताळणी: ही यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राशेजारी ठेवून पाहा. संमतीपत्रात दोन जनरेटर आणि एक बॉयलर असेल आणि तुमच्या यादीत एकच जनरेटर असेल, तर पहिला प्रश्न तिथूनच येणार.

## टप्पा ३: आधारवर्ष निवडा

पुढची कपात ज्या वर्षाच्या आकड्याशी ताडायची ते आधारवर्ष. इंजिनिअरिंगवाल्यांना एप्रिल ते मार्च सोयीचं, कारण हिशेबाची पुस्तकं तशीच असतात. द्राक्षाच्या पॅकहाउसनं मात्र डोळे झाकून आर्थिक वर्ष धरू नये. हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. ३१ मार्चला रेष मारली की एकाच हंगामाचे दोन तुकडे दोन वर्षांत पडतात. माल आठवडाभर उशिरा निघाला तरी प्रीकूलिंगची (माल पाठवण्याआधी थंड करण्याची) वीज एका वर्षातून दुसऱ्यात सरकते आणि ‘कपात’ झाल्यासारखी दिसते. अशा ठिकाणी जानेवारी ते डिसेंबर धरणं बरं.

गारपिटीचं, संपाचं किंवा मोठ्या ऑर्डर गेल्याचं वर्ष आधारवर्ष घेऊ नका. तेव्हाचा कमी आकडा पुढची सगळी वर्षं तुमच्या मानेवर बसतो.

## टप्पा ४: कागद गोळा करा

निम्म्याहून जास्त वेळ या टप्प्याला द्या. इथं घाई केली की पुढे दुप्पट वेळ जातो.

वीज. महावितरणची बाराही बिलं हवीत, प्रत्येक ग्राहक क्रमांकाची. इथं तीन चुका सतत होतात.

पहिली, केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच यांची गल्लत. केडब्ल्यूएच म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली युनिटं, आणि त्यांचं केव्हीएएचशी गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर. उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं. उत्सर्जनाचा हिशेब केडब्ल्यूएचवर होतो. बिलावर दोन्ही आकडे असतात. पैसे ज्यावर लागले तो उचलू नका. पॉवर फॅक्टर ०.९ असेल तर फरक सरळ १० टक्क्यांचा पडतो.

दुसरी, नेट मीटरिंग. छतावर सोलर असलेल्या ग्राहकाच्या बिलात आयात, निर्यात आणि निव्वळ युनिट असे वेगवेगळे आकडे येतात. बिल निव्वळ युनिटांवर लागतं म्हणून बहुतेक जण तोच आकडा स्कोप २ मध्ये टाकतात. ते चूक आहे. ग्रिडमधून घेतलेली सगळी आयात मोजायची. रविवारी कारखाना बंद असताना ग्रिडला दिलेली युनिटं त्यातून वजा होत नाहीत. सोलरचा जो भाग तुम्ही जागेवर वापरला, त्याचा फायदा आयात कमी झाल्यामुळे आपोआप दिसतोच.

तिसरी, सरासरी बिल. मीटर नादुरुस्त असताना लागलेली सरासरी युनिटं पुढच्या महिन्यात दुरुस्त होतात. दोन्ही बिलं एकत्र ठेवा, नाहीतर तीच वीज दोनदा मोजली जाते.

डिझेल. जनरेटरचं डिझेल कॅनमधून येतं आणि पावती पंपाची असते. खरेदी म्हणजे वापर नव्हे. वर्षाच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, हा हिशेब करा आणि तासांच्या लॉगबुकशी ताडून पाहा. त्याच पावत्यांत मालकाच्या गाडीचं डिझेलही मिसळलेलं असतं. ते वेगळं काढा, पण गाडी कंपनीची असेल तर टाकून देऊ नका.

एलपीजी, पीएनजी, ब्रिकेट. सिलिंडरची संख्या नको, किलो हवेत. कँटीनचे सिलिंडरही धरा. बॉयलरला ब्रिकेट (शेतीच्या किंवा लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले ठोकळे) वापरत असाल तर जैविक इंधनाचा कार्बन डायऑक्साइड वेगळ्या रकान्यात, स्कोपच्या बाहेर दाखवायचा असतो. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचा छोटा भाग स्कोप १ मध्ये राहतो. ‘ब्रिकेट म्हणजे शून्य’ असं लिहून मोकळं होऊ नका.

एसी आणि चिलरचा गॅस. हा सगळ्यात दुर्लक्षित आणि अनेकदा धक्का देणारा स्रोत. आर-४१०ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २००० पट तापमानवाढ करतो. दोन किलो गळला की चार टन झाले, म्हणजे जवळपास १५०० लिटर डिझेल जाळल्याइतके. आणि आपल्याकडे मेकॅनिकच्या बिलावर काय असतं? ‘गॅस भरला, नग १.’ आजच सर्व्हिसवाल्याला सांगा: बिलावर वायूचं नाव आणि किलो लिहिल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. जुन्या यंत्रांतला आर-२२ हा वेगळ्या आंतरराष्ट्रीय करारात येतो, म्हणून तो स्कोप १ च्या बेरजेत न घालता स्वतंत्र दाखवतात. शीतगृहातल्या अमोनियाचा तापमानवाढीत वाटा नगण्य आहे. त्याची काळजी सुरक्षिततेसाठी घ्या.

मिग वेल्डिंगला लागणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि अग्निशामकातलं रिफिल याही लहानसहान नोंदी आहेत. आकडा किरकोळ येतो, पण त्या नसल्या तर यादी अपुरी दिसते.

पडताळणी: महिन्याची युनिटं आणि महिन्याचं उत्पादन एकाच आलेखावर काढा. दिवाळीच्या सुट्टीत उत्पादन पडलं आणि वीज पडली नाही, तर एकतर आकडा चुकला आहे किंवा कारखान्यात रिकामी वीज जळते आहे. दोन्ही शोधण्यासारखं आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला जे पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म पाच, भरता त्यातले आकडेही याच्याशी जुळले पाहिजेत.

## टप्पा ५: गणित

गणित या सगळ्यात सोपं. वापर गुणिले उत्सर्जन गुणक, म्हणजे एका एककामागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो तो आकडा. ग्रिडच्या विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या प्रकाशित माहितीतून घ्या; तो युनिटमागे सुमारे ०.७ किलो आहे आणि दरवर्षी थोडा हलतो. डिझेलचा लिटरमागे सुमारे २.६८ किलो, एलपीजीचा किलोमागे सुमारे ३ किलो. परदेशी वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये विजेचा आकडा टाकू नका. तो बहुधा तिथल्या ग्रिडचा गुणक लावतो आणि तुमचं उत्सर्जन खोटं कमी दाखवतो.

समजा अंबडमधलं एक मध्यम मशिन शॉप आहे. ग्रिडमधून वर्षाला ३,००,००० युनिट, ०.७१ नं गुणले की २१३ टन. डिझेल ६,००० लिटर, १६ टन. एलपीजी १,५०० किलो, साडेचार टन. एसीचा गॅस ३ किलो, सहा टनांहून थोडं जास्त. एकूण २४० टन, आणि त्यातली जवळपास ९० टक्के वीज. हे एकदा समोर आलं की जनरेटर बदलण्यावर बैठका घेण्यात अर्थ नाही, हे कोणालाही पटतं.

तक्त्यात प्रत्येक ओळीला पाच रकाने ठेवा: वापर, एकक, पुराव्याच्या फाइलचं नाव, गुणक, गुणकाचं मूळ आणि त्याचं वर्ष. ज्यानं तक्ता भरला त्याच्याशिवाय दुसऱ्या माणसानं किमान तीन महिन्यांची बिलं काढून आकडे तपासावेत आणि तारीख घालून सही करावी. ही एक सही तपासणीच्या दिवशी फार कामाला येते.

ग्रीन टॅरिफ (अक्षय विजेचा वेगळा दर) किंवा अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रं घेत असाल तर स्कोप २ दोन पद्धतींनी दाखवा: एकदा ग्रिडच्या सरासरीनं, एकदा खरेदी करारानं. फक्त दुसरा आकडा दाखवणं ही लपवाछपवी धरली जाते.

## टप्पा ६: स्कोप ३, पण सगळा एकदम नको

पंधराच्या पंधरा प्रकारांची यादी करा, प्रत्येकापुढे ‘मोठा’, ‘लहान’ किंवा ‘लागू नाही’ लिहा आणि मोठ्यांपासून सुरुवात करा. वरच्याच मशिन शॉपनं वर्षाला ४०० टन पोलाद घेतलं, आणि भारतातलं पोलाद सरासरी टनामागे अडीच टनांच्या आसपास उत्सर्जन करतं असं धरलं, तर एकट्या पोलादाचे १,००० टन झाले. स्वतःच्या कारखान्याच्या चौपट. त्यापुढे कामगारांच्या दुचाकींचा सर्व्हे पहिल्या वर्षी थांबू शकतो.

इथं पुरवठादाराशी बोलायला आता एक देशी माप आहे. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असलेल्या पोलादाला तारे मिळतात, आणि १.६ पेक्षा कमी असेल तर पाच. स्टॉकिस्टला नुसतं ‘ग्रीन स्टील आहे का’ विचारून काही हाती लागत नाही. कोणत्या मिलचं आहे, भट्टी कोणती आणि ताऱ्यांचं प्रमाणपत्र आहे का, हे लेखी विचारा. उत्तर आलं नाही तरी पाठवलेला मेल जपून ठेवा. प्रयत्नाचा तोही पुरावा असतो.

## टप्पा ७: आधी उपाय, मग लक्ष्य

लक्ष्य आधी जाहीर करून मागून उपाय शोधू नका. उपायांची यादी करा, प्रत्येकापुढे टन, खर्च, जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहा, मग लक्ष्याशी जुळतं का पाहा.

१.५ अंशांच्या मार्गाशी जुळणाऱ्या अल्पकालीन लक्ष्यासाठी विज्ञानाधारित लक्ष्य उपक्रमात (कंपन्यांची हवामान लक्ष्यं तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था, एसबीटीआय) वर्षाला किमान ४.२ टक्के कपात धरतात. हे ४.२ टक्के आधारवर्षाच्या आकड्याचे असतात, गेल्या वर्षीच्या नव्हेत. आपल्या उदाहरणात २४० टनांचे सुमारे १० टन, दरवर्षी तेवढेच. पाच वर्षांत ५० टन, म्हणजे विजेत मोजले तर ७०,००० युनिटांच्या आसपास.

आता ही युनिटं येणार कुठून? पहिला हात कॉम्प्रेसरला घाला. हवेची गळती एखाद्या रविवारी, सगळी यंत्रं बंद ठेवून आणि फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवून मोजा: तो किती वेळ लोडवर जातो ते घड्याळ लावून लिहा. देखभाल नसलेल्या लाइनवर २० ते ३० टक्के हवा गळून जाणं सर्रास आढळतं. दाब एक बारनं उतरवता आला तर कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्के वाचते. याला भांडवल जवळजवळ लागत नाही. त्यानंतर मोटरी, दिवे, आणि शेवटी सोलर. नाशिकला १ किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं, वर्षाला सुमारे १,४००. म्हणजे ५० किलोवॉटचं ७०,००० च्या घरात. पण त्यातलं निर्यात होणारं तुमच्या कपातीत येत नाही, हे टप्पा ४ मध्ये सांगितलंच आहे. म्हणून गळती बंद करून मगच सोलरचा आकार ठरवा.

सावध राहा: वृक्षारोपण आणि विकत घेतलेले कार्बन क्रेडिट या लक्ष्यात वजा होत नाहीत. झाडं जरूर लावा. ती हिशेबाच्या वेगळ्या पानावर ठेवा. आणि ‘प्रति नग उत्सर्जन घटलं’ एवढंच लक्ष्य ठेवू नका, कारण उत्पादन दुप्पट झालं की एकूण आकडा वाढलेलाच असतो.

आराखड्यात माणसांचा एक परिच्छेद हवाच. भट्टी विजेवर नेली तर जुन्या ऑपरेटरचं प्रशिक्षण कोण करणार? उन्हाळ्यात शेडमधलं तापमान मोजणार का, पाळीच्या वेळा बदलणार का? नव्या निकषांत हे विचारतात, आणि विचारायलाच हवं.

## टप्पा ८: मंजुरी आणि जाहीर करणं

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर संचालक मंडळाचा ठराव, भागीदारी असेल तर सर्व भागीदारांच्या सह्या. ठरावात आधारवर्ष, लक्ष्य, पहिल्या वर्षाचं बजेट आणि आढावा घेण्याची तारीख असावी. बजेटशिवायचा ठराव तपासनीस बाजूला ठेवतो.

वेबसाइटवर किंवा खोक्यावर ‘कार्बन न्यूट्रल’ छापण्याआधी थांबा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दाव्याला तपासता येईल असा आधार द्यावा लागतो. युरोपला द्राक्षं, बेदाणा किंवा वाइन पाठवणाऱ्यांनी आणखी जपावं: विकत घेतलेल्या कार्बन क्रेडिटच्या जोरावर उत्पादनाला ‘न्यूट्रल’ म्हणण्यावर तिथं सप्टेंबर २०२६ पासून बंदी लागू होते. ‘२०२४-२५ च्या तुलनेत स्कोप १ व २ मध्ये इतके टन कमी’ हे वाक्य साधं आहे, पण ते टिकतं.

## टप्पा ९: तपासणीचा दिवस

तपासनीस फक्त केबिनमध्ये बसत नाही. तो मेंटेनन्सच्या माणसाला विचारतो, डिझेलची नोंद कुठं करता? सुपरवायझरला विचारतो, गळती शेवटची कधी मोजली? फाइल सल्लागारानं सुंदर बनवली आणि ती कारखान्यात कोणालाच ठाऊक नसली, तर ते पाच मिनिटांत कळतं. आठ दिवस आधी ज्यांच्या नावापुढे कामं लिहिली आहेत त्या प्रत्येकाला आराखड्यातलं त्याचं पान मराठीत देऊन समजावून सांगा.

त्रुटी निघाली तर वाद न घालता कारण, दुरुस्ती आणि तारीख लिहून द्या. जुनं बिल सापडत नसेल तर महावितरणच्या पोर्टलवरून पुन्हा काढता येतं. जे मिळतच नाही तिथं अंदाजाची पद्धत लिहा. मागच्या तारखेचं लॉगबुक एका बैठकीत, एकाच पेनानं भरून ठेवू नका; ते ओळखू येतं आणि मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

बी कॉर्पच्या नव्या पद्धतीत प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते आणि मध्ये, तिसऱ्या वर्षी, प्रगतीची तपासणी होते. त्यामुळे तक्ता दर महिन्याला भरा. वीजबिल भरायची तारीख हीच नोंदीची तारीख ठेवली तर विसर पडत नाही. दरम्यान नवा गाळा घेतला, एखादी लाइन विकली किंवा प्लेटिंग बाहेर द्यायला लागलात, तर आधारवर्षाचा आकडाही त्याच सीमेनुसार पुन्हा काढा आणि जुना तक्ता न पुसता त्याच्या शेजारी ठेवा.